घरातलं म्हातारं कुत्रं : तुमचे अनुभव लिहा

काल शेजारी कैरीचं लोणचं द्यायला गेले. त्यांचा ब्रूनो तेरा वर्षांचा. तो दाराच्या बिजागरीच्या बाजूला नाक लावून उभा होता, दार तिकडून उघडेल अशा आशेने. शेजारीण म्हणाली, "हल्ली फार हट्टी झालाय." पोटात कालवलं माझ्या. आमचा खंड्या शेवटच्या वर्षी अगदी असाच उभा राहायचा. दिवसभर झोप, रात्री दोनला उठून नखं वाजवत घरभर फेऱ्या. जन्मात कधी घरात शू केली नव्हती, ती हॉलमध्ये व्हायला लागली. मी ओरडायचे. एकदा पेपरची गुंडाळी उगारली त्याच्यावर. मग डॉक्टरांनी सांगितलं की माणसांसारखा कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंश होतो, तो मुद्दाम काही करत नाहीये. रात्री बारीक दिवा, जेवणाच्या वेळा ठरलेल्या, सोफा-टेबल हलवायचं नाही, निजण्याआधी खाली एक चक्कर. एवढ्यावर बरंच निभावलं. पण ती गुंडाळी आठवतेच. तुमच्याकडे असं कोणी असेल किंवा होतं तर लिहा.

आंबोळी : अगं, नको लावून घेऊस मनाला. आमच्या टफीला आम्ही कित्येक महिने "ऐकतच नाही" म्हणून रागवत होतो. एकदा कुकरची शिट्टी झाली आणि तिचा कानही हलला नाही, तेव्हा ट्यूब पेटली. आता हाताच्या खुणा करतो. झोपेत असली की अंगाला हात लावायचा नाही, आधी जमिनीवर पाय आपटायचा, हादऱ्याने उठते. भाच्याला दचकून चावली होती, तेव्हापासून हा नियम.

माळावरचा : आमचं कारवानी, म्हणजे शिकारी जातीचं कुत्रं, जतकडचं. वाऱ्यासारखं पळायचं. दहाव्या वर्षी ओटा चढेना, कमरेला हात लावला की गुरगुर. घरचे म्हणाले वय झालं, तिरसट झालंय. एक्स-रे काढला तर खुबे झिजलेले. औषध सुरू झालं आणि पंधरा दिवसांत गुरगुर बंद. दुखत होतं हो त्याला, राग नव्हताच. आणि माणसांच्या गोळ्या अजिबात देऊ नका. पाव्हण्यांनी आयबुप्रोफेन सुचवलेली. डॉक्टर म्हणाले, त्याने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी जाते.

बिल्वपत्र : +1 माळावरचा. आणि फरशी!! त्या गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात बिचाऱ्यांचे. आम्ही पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या सतरंज्या टाकल्यात. पंजाखालचे केस कापा, नखं वाढू देऊ नका.

सायली_नाशिक : कुकरवर भात आहे, घाईत लिहितेय. पाणी जास्त प्यायला लागलं तर "उन्हाळा आहे" म्हणून सोडू नका. आमची राणी नऊ वर्षांची, नसबंदी केली नव्हती. माजावर येऊन गेली, महिन्याभरात भांडंच्या भांडं पाणी आणि जेवण बंद. गर्भाशयात पू झाला होता. त्याच रात्री ऑपरेशन. वाचली. किडनी, डायबेटिस यातही तहान वाढते म्हणे डॉक्टर, तेव्हा रक्त तपासून घ्याच.

गिरणगाव : आमच्या लहानपणी कुत्रं आजारी म्हटलं की परळचं बैलघोडा हॉस्पिटल. बाबा मोत्याला खांद्यावर टाकून चालत न्यायचे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. विषय नाही हा, पण आठवलं.

आंबोळी : गिरणगाव, लिहा हो अजून. छान वाटतं वाचायला.

मनीमाऊ : आमच्याकडे मांजर आहे, तरी सगळं वाचलं. धागाकर्ती, लोणच्यात मेथी किती?

धागाकर्ती : एक किलो कैरीला दोन चमचे, तळून पूड करून. माळावरचा, "तिरसट" वाचून रडले. शेजारणीला हे सगळं वाचून दाखवलं. उद्या ब्रूनोला दाखवायला नेतेय, मीही जाणार सोबत. सतरंज्या आजच दिल्या.

बिल्वपत्र : सतरंजीखाली रबरी जाळी टाक गं, नाहीतर सतरंजीच सरकते. गाद्या विकणाऱ्यांकडे मिळते.

माळावरचा : ब्रूनोही रात्री फेऱ्या मारत असेल तर जाताना त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात गेलं की हे शहाण्यासारखे बसतात.

आंबोळी : रात्रीचे 2.40. टफी उठली. दिवा लावलाय, बसलेय तिच्याजवळ. कोणी जागं आहे का?

गिरणगाव : आहे. बोला.