‘फेस्टिना लेन्टे’ला मराठीत काय म्हणाल?

उंबरठा: जुन्या छापखान्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतिउस याचं बोधचिन्ह म्हणजे जहाजाच्या नांगराला विळखा घातलेला डॉल्फिन, आणि त्याचं लॅटिन वचन ‘फेस्टिना लेन्टे’. मी लिहिलं, ‘सावकाश घाई कर’. संपादकांनी ते खोडून ‘अति घाई संकटात नेई’ केलं. आल्दुस एकदम खंडाळ्याच्या घाटात! दुसरं काही सुचतंय?

तिखटमीठ: संपादक चुकले. ‘फेस्टिना’ म्हणजे ‘त्वरा कर’, सरळ आज्ञार्थ. घाटातली पाटी त्वरा करायला कुठे सांगते? संस्कृत कवी भारवीच्या ‘सहसा विदधीत न क्रियाम्’चंही (उतावीळपणे काही करू नये) तेच, तो नुसता थांबवतो. इथे मासा पळतोय आणि नांगर त्याला धरून ठेवतोय.

जुनापुराणा: मुळात हे लॅटिन नव्हेच. रोमन सम्राट ऑगस्टसच्या तोंडी होतं ते ग्रीक, ‘स्पेउदे ब्रादेओस’. त्याचा चरित्रकार स्वेतोनिअसही ते ग्रीकमध्येच देतो. आपण संस्कृत फेकतो तसे रोमन लोक ग्रीक फेकायचे. मासा-नांगर आला जुन्या रोमन नाण्यावरून. ते नाणं आल्दुसला विद्वान बेंबोने दिलं, असं डच पंडित इरॅस्मस सांगतो. हा इरॅस्मस १५०८ साली आल्दुसकडेच म्हणींचं पुस्तक छापून घेत होता. पुढे फ्लॉरेन्सचा सत्ताधीश पहिला कोझिमो मेदिची याने तर आपल्या चिन्हात कासवाच्या पाठीवर शीड उभारलं.

बाराखडीबाई: शिडाचं कासव झकास! आमची आजी सातारकडची. खुरपायला बसलेल्या बायांना म्हणायची, ‘दमानं उरका गं.’ झालं की तुमचं भाषांतर.

तिखटमीठ: क्या बात है. पण दम फारसी बरं का.

जुनापुराणा: का म्हणून? शम-दम ऐकलं नाहीत? दमन, संयम, त्यातलाच हा.

बाराखडीबाई: दम लागतो, दम खातो, दमा होतो. सगळा श्वासाचा मामला. आजी कुठली शम-दम करत बसायला!

पाटीवरचा: ‘आस्ते कदम’ घ्या की! पाऊलही पडतंय आणि हळूही.

जुनापुराणा: म्हणजे पुन्हा फारसी-अरबी. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला?

पाटीवरचा: आणि त्यांच्याच नावाची गारद कुठल्या शब्दांनी सुरू होते?

जुनापुराणा: आज म्हणतात ती गारद किती जुनी, हा वेगळा विषय.

तिखटमीठ: गारद राहू द्या. बातम्यांत ‘आस्ते कदम’ म्हणजे निव्वळ रेंगाळणं. ‘फेस्टिना’ गेलंच त्यातून.

पाटीवरचा: बातमीदारांनी वाट लावली म्हणून शब्द सोडून द्यायचा?

जुनापुराणा: हे भांडण दुसऱ्या शतकात रोमन लेखक ऑलस गेलिअसनेही केलंय, आणि याच वचनाशेजारी. लॅटिन ‘मातुरे’ म्हणजे ना लवकर ना उशिरा, जसं फळ ना कच्चं ना सडकं. लोक तो शब्द नुसत्या ‘झटपट’साठी वापरतात म्हणून गडी करवादलाय.

तिखटमीठ: म्हणजे तुमचेच पूर्वज!

उंबरठा: मंडळी, मजकूर उद्या जातोय. ‘दमानं उरक’ ठेवू का? की प्रमाण भाषेत ‘दमाने’ करू?

बाराखडीबाई: अनुस्वार काढलात तर आजी उठून येईल.

जुनापुराणा: काहीही ठेवा. दम संस्कृतच.