पोपटाला वास येतोय, अंघोळ घालूनही जात नाही – मदत हवी आहे

टिल्लूचीआई

मंडळी, माझा पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडे एक कॉकटील आहे, टिल्लू. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालांवर केशरी टिकल्या. वय साधारण दीड वर्ष. खातो-पितो, शिट्ट्या मारतो, आरशाशी भांडतो, म्हणजे तब्येतीने ठणठणीत दिसतो. पण गेला महिनाभर त्याच्या खोलीत शिरलं की नाकाला काहीतरी लागतं. ओलाच गुंडाळून ठेवलेला टॉवेल दोन दिवसांनी उघडावा तसा कुबट वास, आणि त्याच्या मागे एक आंबट झाक. आम्हाला घरच्यांना सवय झाली होती. परवा मुलीची मैत्रीण आली आणि दारातच म्हणाली, "काकू, इथे काही सांडलंय का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यातून ती पांढरी भुकटी! टीव्ही, पुस्तकं, माझा चष्मा, सगळीकडे. सकाळी पुसलं की संध्याकाळी परत.

आता माझा पराक्रम सांगते, रागावू नका. रविवारी त्याला लहान बाळांच्या शाम्पूने अंघोळ घातली. नीट चिंब भिजवून, चोळून. बिचारा इतका कुडकुडला की तासभर टॉवेलात धरून बसले. केस वाळवायचं मशीन लावणार होते, पण त्याचा आवाज ऐकून हा असा किंचाळला की बंद केलं. त्यानंतर दोन दिवस त्याने माझ्याकडे पाठ फिरवली. पिसं अजून चिकटल्यासारखी, निस्तेज दिसतात. आणि वास? मंगळवारी होता तिथेच.

नणंदेने खोलीत मारायचा सुगंधी फवारा आणून दिलाय. मारण्याआधी विचारावं म्हटलं. अंघोळ किती वेळा घालावी, कशाने घालावी, ती भुकटी कमी होते का, आणि मुळात पोपटाला इतका वास येतोच का? जाणकारांनी कृपया सांगा.

शंकासुर

फवारा मारू नका. बाकीचं नंतर बोलू, आधी तो डबा त्या खोलीतून बाहेर न्या.

आता माझे प्रश्न. वास टिल्लूला येतो की टिल्लूच्या खोलीला? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही त्याला कधी हुंगलंय का? चेष्टा नाही. तो खांद्यावर बसला की मानेच्या मागे नाक नेऊन बघा. मग त्याने जांभई दिली की तोंडाजवळ. मग पिंजरा, एकेक वस्तू सुटी करून. आंबट वास जर तोंडातून येत असेल तर हा धागा सोडून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जा. गळ्याजवळची अन्नाची पिशवी बिघडली किंवा तिथे बुरशी झाली की तसा वास येतो, आणि तो धुऊन जात नाही.

उन्हातलीमांजर

मी तर लिंबाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसते माझ्या लव्हबर्डला. मस्त वास येतो.

पीसवेडा

@उन्हातलीमांजर, वास तुम्हाला मस्त येतो, त्याच्या डोळ्यांना आणि कातडीला काय होतं ते तो सांगू शकत नाही. कृपया थांबवा. साधं पाणी पुरतं.

टिल्लूचीआई, तुमची भुकटी म्हणजे घाण नव्हे. कॉकटील, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे या पक्ष्यांच्या अंगावर एक खास जातीची मऊ पिसं असतात. ती गळत नाहीत, टोकाकडून झिजत जातात आणि त्यांचं पीठ होतं. ते पीठ पक्षी चोचीने सगळ्या अंगभर फिरवतो, त्याने पिसं पाण्यापासून राखली जातात. म्हणजे निसर्गानेच त्याला पावडरचा डबा देऊन पाठवलंय. शिवाय शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला तेलाची एक बारीक गाठ असते, तिथलं तेलही तो पिसांना लावतो. (गंमत म्हणजे अ‍ॅमेझॉन जातीच्या पोपटांना ही गाठ नसतेच, आणि तरी त्यांच्या अंगाला एक उग्रसा गोड वास असतो. न्यूझीलंडचा काकापो तर वासासाठीच प्रसिद्ध आहे. तेव्हा पोपटाला स्वतःचा वास असूच नये असा हट्ट धरू नका.)

शाम्पूने तुम्ही हे तेल नि ही भुकटी दोन्ही काढून टाकली. म्हणून पिसं चिकटली आणि म्हणूनच तो कुडकुडला, कारण पिसांच्या थरात हवा धरून ठेवता आली नाही तर अंगाची ऊब टिकत नाही. घाबरू नका, तो स्वतःच चोच फिरवून सावरेल. पण शाम्पूचा अंश पिसांत राहिला असेल तर तो चोचीवाटे पोटात जाईल. तेव्हा एकदा कोमट पाण्याचा अगदी बारीक फवारा, खोलीत ऊब असताना, सकाळच्या वेळी. पुढेही अंघोळ सकाळीच, म्हणजे रात्रीपर्यंत तो खडखडीत वाळतो.

ते केस वाळवायचं मशीन त्याने किंचाळून बंद पाडलं, ते बरंच झालं. अशा काही मशीनच्या आत नॉनस्टिक तव्यासारखाच लेप असतो. तो लेप फार तापला की निघणारी वाफ माणसाला जेमतेम जाणवते आणि पक्षी मात्र काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात, आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. त्यामुळे प्रत्येक श्वासातून ते आपल्यापेक्षा जास्त प्राणवायू ओढून घेतात, आणि हवेत विष असेल तर तेही तितकंच जास्त. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणीत १९८६पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत ते याचसाठी. विषारी वायू आधी पक्ष्याला कळायचा, मग माणसाला. तुमचा सुगंधी फवारा, सुवासिक मेणबत्ती, उदबत्ती, अत्तराचं तेल टाकून लावायचा दिवा, हे सगळं त्याच यादीत. शंकासुरांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं ते सर्वांत महत्त्वाचं.

टिल्लूचीआई

फवारा नणंदेला परत पाठवला. (ती रुसली आहे, ते वेगळं.)

आज सगळी हुंगाहुंगी केली. घरचे हसून हसून लोळले. टिल्लूच्या मानेला काही वाईट वास नाही! ऊन लागलेल्या पिठाच्या पोत्यासारखा कोरडा, थोडा धुळकट, खरं सांगायचं तर आवडण्यासारखा. तोंडाला काहीच नाही. शी घट्ट, वर पांढरं, बाजूला जरासं पाणी. शेपटीखाली स्वच्छ.

मग पिंजरा. दांड्या ठीक. सुती दोराचा झोका, मध्यावर काळपट आणि ओलसर. तो पाण्याच्या वाटीच्या बरोबर वर टांगलाय, हे मला दीड वर्षात दिसलं नव्हतं. ट्रे ओढला तर मागच्या पन्हाळीत भिजवलेल्या दाण्यांचा एक चिकट थर. मी रोज सकाळी भिजवलेले दाणे घालते आणि वाटी संध्याकाळी काढते. तो निम्मे उडवतो, ते जाळीतून खाली. आंबट वास तिथला, शंकाच नाही.

आणि कुबट वास? रात्री पिंजऱ्यावर घालते ती चादर. कधी धुतली ते आठवेना. कधीच धुतली नाही, असं मुलगी म्हणते.

शंकासुर

चादर! माझ्याही डोक्यात आली नव्हती.

तुम्ही पिंजरा धुतलात, पोपट धुतलात आणि दोघांच्या वर रोज रात्री दहा तास पसरलेलं कापड तसंच राहिलं. रात्रभर त्याची भुकटी आणि श्वासाची ओल त्यात जाते, सकाळी तुम्ही घडी घालता. अशा दोन चादरी ठेवा, आलटून पालटून दर आठवड्याला बिनवासाच्या साबणाने धुवा, उन्हात कडक वाळवा. कपड्यांना मऊ करणारं सुगंधी द्रव्य त्यात घालू नका.

खिडकीपाशी

साफसफाईबद्दल मी लिहिते, पाच पक्षी सांभाळलेत.

ट्रेमध्ये साधा कागद, रोज बदलायचा. भुसा किंवा मक्याच्या कणसाचा चुरा घालू नका. वरून छान दिसतो आणि आत ओल धरून बुरशी वाढवतो, ती श्वासावाटे जाते. शिवाय कागदावर शी कशी झाली हे रोज दिसतं, आणि पक्ष्याचा आजार बहुतेक वेळा तिथेच आधी दिसतो. भिजवलेले दाणे, फळं, पालेभाजी दोन तासांत उचला, उकाडा असेल तर त्याआधीच. पाण्याची वाटी आतून बोटाने चोळून बघा. बुळबुळीत लागली तर नुसतं पाणी बदलून उपयोग नाही, गरम पाण्याने घासायला हवी, रोज. आणि वाटीच्या वर कुठलीही दांडी किंवा झोका नको, हे तुम्हाला आता कळलंच आहे.

आठवड्यातून एकदा टिल्लूला दुसऱ्या खोलीत ठेवून पिंजरा पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून धुवा, मग भरपूर साध्या पाण्याने, मग पूर्ण वाळवून. एका गोष्टीची कळकळीने विनंती: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो. पक्ष्याचं सोडा, तुमचाच जीव जाईल.

वाळलेली शी कोरडी खरवडू नका. आधी पाणी मारून भिजवा, तोंडावर मास्क लावा. पोपटांकडून माणसाला होणारा एक ताप आहे, सिटॅकोसिस. त्याचे जंतू वाळलेल्या शीच्या धुळीतून जातात. घरात कोणाला दमा असेल तर या भुकटीबद्दल जास्तच जपा. रोज ओल्या फडक्याने पुसणं हाच त्यावरचा खरा उपाय, झाडू मारला की ती फक्त उडते. हवा गाळायचं यंत्र घेतलंत तर ओझोन सोडणारं नसावं.

दोराचा झोका फेकून द्या. दोर आतपर्यंत कधी वाळत नाही.

टिल्लूचीआई

झोका टाकला, चादरी दोन केल्या, दाणे आता दीड तासात उचलते. तीन दिवसांत खोलीत फक्त पिठाचं पोतं उरलंय.

पण नवीन पंचाईत. अंघोळ म्हटली की हा पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. फवाऱ्याची बाटली नुसती दिसली तरी तुरा ताठ. शाम्पूचं पाप.

पीसवेडा

बाटली महिनाभर नजरेआड करा. उथळ, जड बशीत बोटभर पाणी ठेवा आणि तिथून निघून जा. तो बघत असताना तुम्ही त्या पाण्यात बोटं खेळवा, त्याच्याकडे न बघता. नाहीतर पालेभाजीची मोठी पानं धुऊन ओलीच पिंजऱ्याच्या वरच्या बाजूला अडकवा. काही पक्षी बशीला भितात पण ओल्या पानांत अंग घासतात. पुढे फवारा सुरू केलात तरी अंगावर नको, डोक्याच्या वर हवेत मारा, पाणी धुक्यासारखं खाली येऊ दे. त्याने पंख पसरले की हवंय, बाजूला सरकला की पुरे. आठवड्यातून दोनदा त्याला हवं असेल तर दोनदा, नको असेल तर नाही.

टिल्लूचीआई

आजची बातमी: बशी चार दिवस तशीच. आज सकाळी मी पाण्याची वाटी घासून, ताजं पाणी भरून लावली आणि पाठ वळवली तर मागून छपछप. डोकं वाटीत, तुरा भिजून चपटा, आणि अर्धं पाणी माझ्या धुतलेल्या चादरीवर.

शंकासुर

चादर वाळत घाला.