मदत हवी आहे: घरातल्या मारहाणीविरुद्ध वस्तीत मोहीम आखतोय, सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही सात जण, चार बायका आणि तीन पुरुष. कुणीच पूर्णवेळ कार्यकर्ता नाही. वस्तीत घरगुती हिंसेविरुद्ध मोहीम उभी करायची आहे. पहिला प्रयत्न फसला आणि त्याचा फटका आम्हाला नाही, एका बाईला बसला, म्हणून इथे विचारतेय.

झालं असं. फेरी काढली, घोषणा दिल्या, चौकात सभा घेतली. गर्दी चांगली होती. "मार सहन करू नका, बोला," असं मीच माइकवरून सांगितलं. पुढे बसलेल्या एका बाईने मान डोलावली. ते तिच्या दिराने पाहिलं. "घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणतेस का," म्हणत नवऱ्याने त्या रात्री तिला मारलं. खरं तर तोवर ती आमच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. हे कळलं चार दिवसांनी. तेव्हापासून सगळं थांबवलंय.

आता वाटतं, आम्ही चुकीच्या माणसाला हाक मारली. जिला मार बसतो तिलाच "बोल" म्हणालो. बोलल्यावर ती रात्री झोपेल कुठे, मुलं कुणाकडे राहतील, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. भिंतीपलीकडचा आवाज रोज ऐकणाऱ्या शेजाऱ्यांकडे मात्र आम्ही काहीच मागितलं नाही.

ब्रेकथ्रू संस्थेने २००८ साली भारतात सुरू केलेली 'बेल बजाओ' मोहीम नेमकी शेजाऱ्यांसाठी, त्यातही पुरुषांसाठी होती. मारहाणीचा आवाज आला की दारावरची बेल वाजवायची, काहीतरी साधं कारण सांगायचं. तेवढ्या व्यत्ययानेही हात थांबू शकतो. युगांडातल्या 'सासा!' उपक्रमाबद्दलही वाचलं. त्याचे चार टप्पे आहेत: सुरुवात, जाणीव, आधार, कृती. तिथे चर्चा हिंसेपासून नाही, सत्तेपासून सुरू होते: घरात कुणाचं चालतं, का चालतं, आणि माझ्या स्वतःच्या हातात काय आहे. कम्पालातल्या आठ वस्त्यांत त्याची चाचणी झाली. २०१४ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, जिथे उपक्रम राबवला त्या चार वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा बाकीच्या चारांपेक्षा ५२ टक्के कमी आढळली.

आम्ही थेट तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर उडी मारली, हे उघड आहे. पण सात जणांनी पहिला टप्पा किती दिवस चालवायचा? पुरुषांना बोलतं कसं करायचं? आणि फरक पडतोय हे मोजायचं कशावरून?

प्रतिसाद

ताई, थांबलात हे बरं केलंत. मी काही वर्षं समुपदेशनाचं काम केलंय, त्यावरून सांगते. आधी आधाराची साखळी बांधा: एक डॉक्टर, एक वकील, एक समुपदेशक आणि रात्री-अपरात्री दार उघडतील अशी दोन घरं. ती तयार होईपर्यंत माइक नको. बेल वाजवायला एकट्याने जाऊ नये, आणि कुणी तक्रार केली असा वासही येऊ देऊ नये. वस्तीतली वडीलधारी मंडळी समेट घडवायला पुढे येतील, तिथे सावध राहा. समेट बहुतेक वेळा तिच्याच गप्प बसण्यावर होतो.

तक्रारींची संख्या मोजून निष्कर्ष काढू नका. विश्वास बसला की सुरुवातीला ती वाढते. त्यापेक्षा निनावी चिठ्ठ्यांवर शेजाऱ्यांना विचारा, "हा त्यांचा खाजगी मामला आहे का?" वर्षभराने पुन्हा विचारा. कम्पालाचं म्हणाल तर वस्त्या आठच होत्या, त्यामुळे ५२ टक्क्यांवर फार भिस्त ठेवू नका; कामाची पद्धत घ्या.

धागाकर्ती

मनापासून आभार. साखळीचं काम आजपासून सुरू करते.

पण एक नवी अडचण आलीय. काल आम्ही सातच जण बसलो आणि सत्तेवरची ती चर्चा स्वतःपासून सुरू केली. आमच्यातल्या एकाने सांगितलं, लग्नानंतरच्या काळात त्याने बायकोवर दोनदा हात उचललाय. खोलीत कुणी बोलेना. त्याला गटात ठेवावं, असं तिघांना वाटतं, तिघांना नाही. माझं मत असं की हे त्याच्या बायकोला विचारल्याशिवाय ठरवू नये. पण तिला न घाबरवता, तिच्यावर होकाराचं ओझं न टाकता विचारायचं कसं? कुणी अशा प्रसंगातून गेलं असेल तर कृपया लिहा.