मदत हवी आहे: लिफ्ट किट बसवल्यापासून पुढून खट्ट आवाज

डिझेल_४९
घरीच २ इंचाची लिफ्ट किट (गाडी उंच करायचा संच) टाकली. पुढे स्पेसर (जाड चकती), मागे पाट्यांखाली ब्लॉक (ठोकळा). आता स्पीडब्रेकर उतरताना पुढून खट्ट वाजतं आणि गाडी डावीकडे ओढून राहिली. शनिवारी माल भरून उमरेडला जायचं आहे. काय घट्ट करू तेवढंच सांगा. 'गॅरेजला दाखवा' नको.

पाना_१७_१९
गाडी कोणती? स्पेसर शॉक ॲब्सॉर्बरच्या माथ्यावर की स्प्रिंगच्या आत? जाडी किती? आवाज चाक लोंबताना की दबताना?

टायरमामा
लिफ्ट केलीच आहे तर २६५/७० आर १६ टाकून घ्या, ३०.६ इंच भरतो. बारीक टायरवर उचललेली गाडी शोभत नाही.

डिझेल_४९
टायरचं विचारलं नाही भाऊ. इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे, फोर बाय फोर. स्पेसर माथ्यावर. २ इंची म्हणजे २ इंचच जाड. चाक लोंबलं की वाजतं.

पाना_१७_१९
मग घोळ तिथंच आहे, घट्ट करायला काही नाही. शॉक खालच्या आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) मधल्या भागाला बसतो, चाक टोकाला. माथ्यावर २५ मिमी टाकले की चाकापाशी ४५ ते ५० मिमी उचल मिळते. तुम्ही ५० टाकले, म्हणजे गाडी ९०च्या आसपास उचलली. शिवाय चाक खाली कुठं थांबायचं ते शॉक ठरवतो. तो थांबाही तितकाच खाली सरकला, म्हणून वरचा आर्म स्प्रिंगवर आदळतो. टॉर्च मारून बघा, स्प्रिंगचा रंग घासलेला दिसेल. असंच चालवलं तर सीव्हीचा (चाकाला ताकद देणाऱ्या सांध्याचा) रबरी बूट घड्यांतून फाटेल आणि ग्रीस उडेल. गाडी नाक वर करून उभी आहे ना?

डिझेल_४९
हो, पुढून जास्तच वर दिसते. मला वाटलं माल भरला की बरोबर होईल.

कमानवाला
माल भरला की मागून बसते, नाक आणखी वर जातं. स्पेसर काढा आणि भारी स्प्रिंग-शॉकचा सेट घ्या. स्पेसर म्हणजे जुगाड.

गियरबॉक्स_दादा
असहमत. १० मिमीचा प्रीलोड स्पेसर (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारा) स्प्रिंगच्या आत टाका, लोंबण्याची मर्यादा कंपनीचीच राहते.

पाना_१७_१९
राहते, पण गाडी उंच उभी राहिल्यावर चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्डा आला की शॉक आतून ठोकतो. आणि त्यासाठी स्प्रिंग दाबावी लागते. हुकवाला कम्प्रेसर निसटला तर हात जाईल, घरी तो उद्योग नको.

आरटीओ_रसिक
उंची वाढवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीतले बदल) येतं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल वाचा. विम्याचा क्लेम अडकला तर बोंबलाल.

गियरबॉक्स_दादा
त्याचा वेगळा धागा काढा हो. डिझेल भाऊ, खालच्या आर्मचे बोल्ट कधी आवळले? गाडी जॅकवर असताना?

डिझेल_४९
हो. चाक लावायच्या आधीच.

गियरबॉक्स_दादा
ओढण्याचं एक कारण हेच. बुशचं (आर्मच्या सांध्यातलं) रबर पिळलेलं राहिलं, दोन्ही बाजूंची उंची सारखी राहत नाही. ते बोल्ट ढिले करा, चाकं जमिनीवर टेकवा, बंपर दोन-चारदा दाबा आणि मग आवळा. उंची जमिनीपासून नको, हवेच्या दाबाने फसवते. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. अलाइनमेंट त्यानंतर, आधी केलेलं फुकट जातं.

कमानवाला
मागच्या ब्लॉकला यू-बोल्ट (एक्सल पाट्यांना बांधणारे) नवे घेतले का? जुना आवळून ताणला गेलेला असतो, पुन्हा वापरायचा नाही. चारही नट आळीपाळीने, तिरकस क्रमाने आवळा, ५०० किमीनंतर परत बघा. सेंटर बोल्टचं (पाट्यांच्या मधल्या बोल्टचं) डोकं ब्लॉकच्या भोकात पूर्ण बसलेलं हवं, नाहीतर एक्सल तिरपा होतो. तेही ओढण्याचं कारण असू शकतं. माल भरल्यावर हे सगळं उघडं पडतं.

डिझेल_४९
यू-बोल्ट किटमध्ये नवेच आले. पुढचा २५ मिमीचा स्पेसर आज मिळेल का?

पाना_१७_१९
हिंगणा एमआयडीसीत लेथवाल्याकडे ॲल्युमिनियमचा करून घ्या, नायलॉन दबतो. टॉप माउंट (शॉकच्या माथ्यावरची बैठक) सोबत न्या, भोकं त्यावरूनच मारायची. मापाने मारली तर स्टड बसत नाही. जुन्या ५० मिमीतूनच कापून घेतला तर आणखी स्वस्त, पण स्टड आणि बोल्ट त्या जाडीला पुरतात का ते आधी बघा. काम करताना घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) चेसिसखाली, आर्मखाली नाही. आर्म लोंबला की ब्रेक होज आणि एबीएसची वायर ताणत नाही ना, तेही बघा.

टायरमामा
ते ५० मिमीवाले विकायचे असतील तर सांगा.