सोळा वर्षांचं पोट्टं अन् बावीस किलोची बॅग

आर्वीकर
काल इथं एका भाऊंनी लिहिलं, "गांजा, एमडीची (मेफेड्रोनची) पावडर वाहणारं पोट्टं सोळाचं असो का साठचं, मोठ्यांसारखाच खटला चालवा. वयाचे लाड पुरे." खाली अंगठ्यांचा पाऊस. म्हणून जरा लांबण लावतो.

भाऊ, हे २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच आहे. सोळा पूर्ण झालेल्या पोराचा गुन्हा किमान सात वर्षं शिक्षेचा असला, तर बाल न्याय मंडळ छाननी करून त्याला बाल न्यायालयात मोठ्यांसारखं उभं करू शकतं. पण गांजात ते किमान ठरतं वजनावर. २० किलोच्या वर माल सापडला तर कमीत कमी १० वर्षं. त्याखाली जास्तीत जास्त १०, किमान काहीच नाही. अन् किमान नसलेला गुन्हा त्यात धरायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय. म्हणजे अठरा किलोची बॅग असली तर लेकरू, बावीस किलोची असली तर बाप्या माणूस! बॅग भरली कोणी? तराजू कोणाचा? पोराच्या हाती रेल्वेचं तिकीट अन् दोन हजार रुपये.

वरूडचा संत्रेवाला
वा वकीलसाहेब! गांजावरच अडून राह्यले. एमडीचं बोला ना. तिथं ५० ग्रॅमच्या वर गेलं की झालं, अन् ते शर्टाच्या खिशात मावते. माह्या साडभावाचं पोट्टं अकरावीत होतं. आधी घरातलं सिलिंडर गेलं, मंग आजीची पोत. म्हातारी महिनाभर पदरानं गळा झाकून हिंडली, कोणाले सांगितलं नाही. देणारा कोण? वर्गातलाच, सतरा वर्षांचा. त्याले वजनबी ठाऊक होतं अन् भावबी. त्याले कायचं लेकरू म्हन्ता?

मास्तरीणबाई
माझ्या वर्गात सातवीतलं पोरगं शाळा सुटली की पानठेल्यावर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटायला बसतं. बाप म्हणतो, "चार पैसे आणते, तुमचं काय जाते?" गुटखा बंद होऊन २०१२ पासून किती वर्षं झाली मोजा. अन् आपण सोळा का अठरा यावर भांडतोय.

पुलगावकर
बाई, खर्रा सोडा. मूळ आपल्या वर्धा जिल्ह्याच्या दारूबंदीत आहे. १९७५ पासून बंदी. पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, तिथं सगळं खुलं. पेट्या आणतं कोण? पोट्टे. पोलीस दोन थापडा देऊन सोडतील म्हणून. बाटलीवर हात बसला की गांजाची बॅग जड वाटत नाही. चंद्रपूरनं २०१५ ला बंदी केली, २०२१ ला उठवली. शहाणे निघाले.

गडचिरोलीची लेक
शहाणे? आमच्याकडे १९९३ ची बंदी बायांनी लढून आणली. तुमच्या घशाची सोय व्हावी म्हणून लेकरांचं नाव पुढं करू नका.

पुलगावकर
ताई, मी थेंबही घेत नाही. माझा बाप पिऊन मेला, याच बंदीच्या जिल्ह्यात. बाटली घरपोच यायची, शेजारचा नववीतला पोऱ्या द्यायचा. दप्तरातून. तेराव्यालाही जेवून गेला तो. त्याचा राग येत नाही मला, तुमच्या बंदीचा येतो.

गडचिरोलीची लेक
बापाचं ऐकून वाईट वाटलं. पण दुकान घराशेजारी असतं तर ते वाचले असते का?

पुलगावकर
वाचले नसते. पण पोऱ्या तरी वाचला असता.

आर्वीकर
अहो, धागा कशाचा अन् चाललंय काय! बरं, दारूवरच आलात तर ऐका. त्याच बाल न्याय कायद्यात कलम ७८ आहे. पोराकडून दारू किंवा अमली पदार्थ वाहून, विकून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् एक लाखापर्यंत दंड. हे लावलेला एकतरी माणूस इथं कोणी पाहिला असेल तर सांगा, मी हा धागा मिटवतो. अन् पोरावर मोठ्यांसारखा खटला चालला तरी एकविसापर्यंत त्याला तुरुंगात टाकत नाहीत, सुरक्षित जागीच ठेवतात. तुमची खाज तशीही भागणार नाही.

वरूडचा संत्रेवाला
खाज? तोंड सांभाळून बोला. नाही तं तीन वर्षं सुधारगृहात राहून पोट्टं बाहेर, अन् आजीची पोत? बरं बाप्पा, मान्य. भरणाऱ्याले आधी धरा. तुमचं कलम माह्या साडभावाच्या ओसरीत येऊन वाचून दाखवा, चहा पाजतो.

मास्तरीणबाई
भाऊ, एक विचारू? राग मानू नका. पोत गेल्यावर घरात विकायला काही उरलं नाही, तेव्हा त्या पोरानं पैसा कुठून आणला? पुढं तेही दुसऱ्यांना द्यायला लागलं असेल ना?

वरूडचा संत्रेवाला
दोनचार जणांले दिलं असन. ते येगळं हाय बाई. ते काही धंदेवालं नाही, आपल्या घरचं पोट्टं हाय.

मास्तरीणबाई
बरं.

पुलगावकर
अन् गडचिरोलीच्या ताई, मोहाच्या दारूचं काय ते राहिलंच.