जीटी८६ घरीच अपग्रेड करायची आहे, सुरुवात कुठून करू?

रात्रीचा_पाना
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथले धागे वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय.

गाडी टोयोटा जीटी८६, २०१३ चं मॉडेल, मॅन्युअल. मी दुसरा मालक. सगळं अजून कंपनीचंच आहे. घरी बंद गॅरेज आहे, सपाट काँक्रीटची फरशी, ट्रॉली जॅक, चार स्टँड, पान्यांचा बरा सेट आणि टॉर्क पाना. वेल्डिंग येत नाही.

मनात तीन गोष्टी आहेत: इनटेक (इंजिनात हवा नेणारा फिल्टर-पाइप), कॅट-बॅक एक्झॉस्ट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा डबा, त्याच्या मागचा सगळा पाइप) आणि लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या). बजेट म्हणाल तर चांगल्या टायरच्या एका सेटला जेवढे पैसे लागतात तेवढं. त्याच्या वर जाणार नाही. रोज कामाला हीच गाडी नेतो, अधूनमधून ट्रॅक डे (रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस). काम माझ्या हातानेच करायचं आहे, ही अट मात्र पक्की. आधी काय करू?

वळणदार
बजेट तुम्हीच टायरच्या भाषेत सांगितलंत, मग टायरच घ्या की! या गाडीला कंपनीने २१५/४५ आर१७ मापाचे प्रायमसी एचपी दिले होते. ग्रिप मुद्दाम बेताची ठेवली होती, म्हणजे कमी वेगातही मागचा भाग खेळवता यावा. ट्रॅकवर जायचं असेल तर चांगल्या उन्हाळी टायरने जो फरक पडतो तो तुमच्या यादीतल्या तिन्ही गोष्टी मिळून पडणार नाही.

निळी_बॉक्सर
मी सरळ कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे एकत्र सेट) घेतले, ३० क्लिकचे, पुढे वर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलायची प्लेट. स्प्रिंग घेऊन नंतर पस्तावणारे खूप पाहिलेत. कंपनीचे शॉक त्या छोट्या स्प्रिंगसोबत लवकर दमतात. एकदाच काय तो खर्च करा आणि मोकळे व्हा. माझी गाडी आता वळणात रुळावर असल्यासारखी जाते, एकदा बसून बघाच.

रात्रीचा_पाना
@निळी_बॉक्सर, कॉइलओव्हर बजेटच्या पार बाहेर जातात हो.

निळी_बॉक्सर
थोडं थांबून पैसे साठवा. मीही तेच केलं.

तेलकट_हात
इनटेकचं आधी सांगतो, कारण त्यावर पैसे घालवू नयेत असं मनापासून वाटतं. या गाडीचा कंपनीचा एअरबॉक्स मुळात पुढच्या जाळीतूनच थंड हवा घेतो. बदलून मिळतो तो आवाज. शिवाय यात इनटेकपासून केबिनपर्यंत आवाज नेणारी एक नळी आहे, बऱ्याच किटमध्ये ती बंद करायला बूच द्यावं लागतं. ते नीट बसलं नाही तर न मोजलेली हवा आत शिरते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. तेल लावलेला कापडी फिल्टर घेतलात तर तेल जास्त होऊ देऊ नका, एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर ते जाऊन बसतं.

जे पैसे वाचतील त्यातून ब्रेक ऑईल आणि पॅड. ट्रॅकवर पेडल स्पंजासारखं झालं की इंजिनची ताकद काही कामाची नाही. डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑईलचा कोरडा (ताजं असतानाचा) उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि ओलावा शोषल्यावर १४० अंश सेल्सियस. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. हे तिन्ही ग्लायकॉलवर आधारलेले, एकमेकांशी जुळतात. नुसतं "डॉट ५" लिहिलेलं मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात चुकूनही घालायचं नाही. हवा काढताना ब्रेक ऑईलची टाकी रिकामी होऊ देऊ नका, पातळी खाली गेली आणि एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर घरी ती काढणं अवघड आहे.

रेडलाइन_ताई
तेलकट_हात यांना +१. ब्रेक ऑईलचं काम दोघांनी करा, एक पेडलवर आणि एक चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलपाशी. पेडल दाबणाऱ्याने "दाबलं" म्हटल्याशिवाय निपल उघडायचं नाही आणि "बंद" ऐकल्याशिवाय पाय सोडायचा नाही. पेंटवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उचलतं ते.

चौथा_गिअर
तुम्ही सगळे टायर-ब्रेक घेऊन बसलात. या गाडीचं खरं दुखणं म्हणजे साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या आसपासचा टॉर्कचा (ओढण्याच्या जोराचा) खड्डा. हेडर (इंजिनाला लागून असलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप) बदलून ईसीयू (इंजिनचा संगणक) ट्यून केल्याशिवाय तो जात नाही. मी दोन्ही केलं आणि गाडी वेगळीच झाली. बाकी सगळी सजावट.

तेलकट_हात
@चौथा_गिअर, पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हेडरमध्येच असतो. तो काढलेली गाडी रस्त्यावर चालवणं बऱ्याच ठिकाणी बेकायदा आहे. रोज ही गाडी चालवणाऱ्या माणसाला असा सल्ला देणं मला पटत नाही.

चौथा_गिअर
कॅट असलेले हेडरही मिळतात. मी काढा म्हटलेलं नाही.

बूस्ट_हवाच
हेडर-ट्यूनला पैसे घालण्यापेक्षा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप). २०० घोड्यांत मजा नाही. किट बोल्ट-ऑन असतं, वेल्डिंग लागत नाही, म्हणजे धागाकर्त्याच्या अटीत बसतं.

जुना_चालक
अटीत बसतं? बजेट वाचलंत का हो? या इंजिनाचं कॉम्प्रेशन १२.५:१ आहे. त्यावर बूस्ट (दाबाची हवा) द्यायचा म्हणजे ट्यून, इंधन, ऑईल कूलर सगळं नीट बघावं लागतं. ट्रॅकवर बूस्टशिवायसुद्धा ऑईलचं तापमान भराभर चढतं.

आता मी सांगतो ते इथे कुणीच सांगितलं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुबारूने व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी मोठा रिकॉल जाहीर केला, त्यात या जोडीच्या (जीटी८६ आणि तिची सुबारूची बहीण बीआरझेड) सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्याही होत्या. तुमची २०१३ ची आहे आणि तुम्ही दुसरे मालक. चॅसिस नंबर टाकून आधी बघा की तुमची गाडी त्यात येते का, आणि येत असेल तर काम झालंय का. त्या कामाला इंजिन बाहेर काढावं लागतं. ते झाल्याची नोंद हातात आल्याशिवाय इंजिनला काहीही लावू नका.

रात्रीचा_पाना
@जुना_चालक, हे मला माहीतच नव्हतं. आजच बघतो. खूप आभार.

निळी_बॉक्सर
तेवढ्यासाठी थांबायची गरज नाही, कॉइलओव्हरचा इंजिनशी काय संबंध?

आटेवाला
स्प्रिंगवर बोलतो, कारण माझी गाडी यात भरडली गेलीय. ज्या वर्कशॉपने माझ्या स्प्रिंग बसवल्या त्यांनी खालच्या आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच पूर्ण आवळून टाकले. बुशचं (आर्मच्या जोडातल्या गादीचं) रबर त्याच स्थितीत पकडलं गेलं. गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहिलं आणि फाटलं. वर मलाच सांगत होते की गाडी जुनी झाली. म्हणून घरी करणार असाल तर बोल्ट आधी हलकेच लावा, मग चाकाखाली ठोकळे देऊन किंवा हबखाली जॅक लावून सस्पेन्शन चालत्या उंचीला आणा, आणि तेव्हाच टॉर्क द्या.

दुसरं म्हणजे, या गाडीत पुढे स्ट्रट आणि मागे डबल विशबोन असलं तरी चारही कोपऱ्यांत स्प्रिंग शॉकवरच बसलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) लावल्याशिवाय वरच्या नटला हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर तोंड फोडते. भाड्याने कॉम्प्रेसर आणलात तर त्याचे आटे आणि हूक आधी नीट तपासा.

रेडलाइन_ताई
आणि स्प्रिंगनंतर चाकांची अलाइनमेंट करावीच लागते, त्याचे पैसे बजेटमध्ये धरा. पुढे कॅम्बर कंपनीतून जवळपास शून्य असतो. कॅम्बर बोल्ट त्याच वेळी टाकून घ्या, म्हणजे परत उघडायला नको.

वळणदार
टायर. वर सांगितलंय तरी परत सांगतो. आधी टायर.

वेगाचा_विद्यार्थी
टायर +१. आणि टायरची तारीख बघा, बाजूच्या भिंतीवर शेवटचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. आधीच्या मालकाने किती जुने लावून दिलेत ते कळेल. अवांतर: चाकाच्या नटांना थोडं अँटी-सीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायचं वंगण) लावत जा, गंजत नाहीत.

आटेवाला
नाही! चाकाच्या आट्यांना काहीही लावायचं नाही. मॅन्युअलचा १२० न्यूटन-मीटर हा आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे. आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला स्टडवर जास्त ताण येतो आणि तो ताणला जातो.

वेगाचा_विद्यार्थी
मी वर्षानुवर्षं लावतोय, एकही स्टड तुटलेला नाही.

आटेवाला
अजून तुटला नाही म्हणून ते बरोबर ठरत नाही. गंजाची भीती असेल तर चाक जिथे हबला टेकतं तिथे अगदी पातळ थर लावा. आट्यांना नाही.

बूस्ट_हवाच
इम्पॅक्ट गनने आवळलं की हा प्रश्नच येत नाही.

आटेवाला
इम्पॅक्टने सोडवा, हरकत नाही. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, ताऱ्याच्या क्रमाने.

जुना_चालक
दोघं वेगळा धागा काढा राव. धागाकर्त्याला विचारायचं राहिलं: स्टँड कुठे लावता? मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा, गाडी त्यावर टेकली की बाजूने जोरात हलवून बघा, आणि काढलेली चाकं गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच जायचं नाही.

दुसरी_इनिंग
माझं मत थोडं वेगळं. ही विका आणि २०२१ ला आलेली २.४ लिटरची जीआर८६ घ्या. तिचा २५० न्यूटन-मीटर टॉर्क ३७०० आरपीएमलाच मिळतो, खड्ड्याचा विषयच संपतो. मी तेच केलं आणि आता काहीही बदलावंसं वाटत नाही.

रात्रीचा_पाना
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद नीट वाचला. रिकॉलचं तपासलं, माझी गाडी त्यात होती आणि काम आधीच्या मालकाच्या वेळी पूर्ण झालंय, नोंद मिळाली.

ठरवलंय ते सांगतो. कॅट-बॅक एक्झॉस्ट आणि ब्रेक ऑईल. टायर आत्ता नाही. तारीख पाहिली, फार जुने नाहीत आणि खोबणी अजून चांगली आहे. टायर बदलणं म्हणजे दुकानात गाडी लावून यायचं, त्यात मला हात घालायला काही नाही. मला ही गाडी खालून ओळखायची आहे. कॅट-बॅकमध्ये सेन्सरला हात लागत नाही, दोन्ही कॅट जागेवर राहतात, ट्यून लागत नाही, आणि मला तो आवाज हवाय. स्प्रिंगचा विचार आटेवाला यांचं वाचून पुढे ढकलला. अलाइनमेंटचे पैसे मिळवले तर दोन्ही बसत नाहीत.

वळणदार
पैसे तुमचे, पण माझ्या मते चूक करताय. ट्रॅकवर आवाजाने वेळ कमी होत नाही.

चौथा_गिअर
कॅट-बॅकने खड्डा जाणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

तेलकट_हात
ब्रेक ऑईल घेतलंत, मला समाधान आहे. पॅडही लवकर करा.

आता एक्झॉस्टचं ऐका. आदल्या रात्री सगळ्या जुन्या बोल्टना गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी परत मारा. गंजलेला बोल्ट हट्टाने एकाच दिशेला फिरवू नका, थोडा सोडवा, थोडा परत आवळा, असं मागेपुढे करत बाहेर काढा. रबरी हँगरला साबणाचं पाणी लावलं की दांडे सरकतात, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटत बसायची गरज पडत नाही. पाइप काढताना मागच्या सायलेन्सरच्या डब्याखाली जॅकवर लाकडी फळी ठेवा, एकदम खाली येतो तो. गास्केट नवीन टाका, जुनी परत वापरू नका.

नवीन बसवताना सगळे जोड आधी हलके लावायचे. टोकं बंपरच्या कापात मध्यभागी आली, पाइप कशालाही टेकत नाही हे बघितलं, की पुढून मागे आवळत जा. पहिल्यांदा चालू केल्यावर धूर येईल, तो पाइपवरच्या तेलाचा आणि बोटांच्या ठशांचा असतो. बसवण्याआधी स्पिरिटने पुसलंत तर डाग कायमचे भाजले जात नाहीत.

रात्रीचा_पाना
हे सगळं लिहून घेतलं. गास्केट मागवली आहेत. पॅड पुढच्या वेळी नक्की.

रेडलाइन_ताई
एक राहिलं. गाडी थोडी चालवून आलात की एक्झॉस्ट पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे क्लॅम्प परत आवळा. गरम-थंड झाल्यावर ते हमखास सैल पडतात. आणि ट्रॅक डेच्या आयोजकांची आवाजाची मर्यादा आधी विचारून घ्या, बऱ्याच ट्रॅकवर ती मोजतात.

निळी_बॉक्सर
पुढच्या वर्षी कॉइलओव्हर घ्याल तेव्हा मला विचारा. माझ्याकडे स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे.