काजू युनिटमधल्या आयांसाठी वाडीत पाळणाघर: खर्च किती, पालकांचा वाटा कसा?

सुरंगी
वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाडीत बचतगट पाळणाघर काढतोय. मुलं बारा, त्यातली सात तीन वर्षांच्या आतली. आया काजू युनिटमध्ये 9 ते 5. अंगणवाडी दुपारीच सुटते आणि तीनच्या आतल्यांना तिथून फक्त घरी न्यायचा आहार मिळतो. महिन्याला खर्च किती धरावा? फी कमी राहावी म्हणून आयांनी पाळीपाळीने एकेक दिवस थांबलं तर चालेल का?

खळं
पाळीवर पाळणाघर उभं करू नका. थांबणाऱ्या आईची त्या दिवसाची हजेरी बुडते, म्हणजे फी वाचली तरी मजुरी गेलीच. शिवाय जुलैत भाताची लावणी लागली की सगळ्याच एकदम गैरहजर, आणि नेमकी तेव्हाच मुलं सांभाळायला माणूस हवं असतं.

पाळणाघरांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तीनच्या आतल्या दहा मुलांमागे एक सेविका, मोठ्या वीस मुलांमागे एक, असं प्रमाण आहे. तुमच्याकडे मिश्र वय, त्यामुळे दोघी लागतीलच. एकजण लंगोट बदलत असताना रांगणाऱ्यावर नजर कोण ठेवणार?

हिशेब असा: दोघींना 7,000 प्रमाणे 14,000. खाऊ-पेज मुलामागे रोज 15 रुपये, 26 दिवसांचे 4,680. गॅस, साबण, वीज 1,500. बेरीज 20,180, म्हणजे मुलामागे जवळजवळ 1,680. हे एकट्या आईला झेपणारं नाही. निम्मा वाटा युनिटच्या मालकाकडून आला तर 840 वर येतं. जागेचं भाडं यात नाही, ती देवळाची किंवा ग्रामपंचायतीची फुकट मिळवा.

तांबडी_माती
मालकाच्या वाट्याबद्दल. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय कायद्याने करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. विश्रांतीची वेळ त्या चारांतच धरतात. ही तरतूद 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत आली. आपल्याकडची बरीच युनिटं पन्नासच्या आतली, त्यामुळे तिथे सक्ती नाही, पटवावं लागतं. दोन-तीन मालकांना एकत्र बसवा आणि कोण किती देणार ते कागदावर घ्या. तोंडी शब्द हंगाम संपेपर्यंतच टिकतो.

सोबत तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेची चौकशी करा. त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. ग्रामसभेचा ठराव आणि मुलांची वयासह यादी बरोबर न्या.

पागोळी
सुरंगीताई, एक गोष्ट हमखास राहून जाते. काजू फोडणाऱ्या बाईच्या हाताला टरफलाचं तेल असतं, ते कातडी भाजतं. दुपारी पाजायला येणाऱ्या आईसाठी दारातच पाणी, साबण आणि खोबरेल ठेवा. आधी खोबरेल चोळून पुसायचं, मग साबणाने दोनदा धुवायचं, वरचा कामाचा सदरा बाहेरच काढायचा. मगच मूल हातात.

पेज नुसत्या तांदळाची नको, त्याने पोट भरतं पण अंग धरत नाही. तीन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ, आणि वाढताना प्रत्येक वाटीत चमचाभर तेल किंवा तूप. विहिरीला झाकण हवंच. चिऱ्याच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटी पावसाआधी बुजवा, तिथे जनावर (साप) बसतं.

सुरंगी
मग पालकांनी करायचं तरी काय? फक्त पैसे द्यायचे?

खळं
नाही. बोर्डीला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं येईनात म्हणून बालवाडीच मुलांच्या घरच्या अंगणात नेली. घरच्यांच्या डोळ्यांसमोर चालायची, म्हणून घरचे त्यात आले. तुमच्याकडे घरी आज्या आहेत. आठवड्यातून दोन दुपारी एकेक आजी गाणी, गजाली, चिंचोके-शिंपल्यांचे खेळ घेऊ दे. मात्र ती सेविकेच्या जागी मोजायची नाही. शिंपले, चिंचोके मोठ्या मुलांनाच द्यायचे, लहानगी ते तोंडात घालतात.

आयांकडे दोन कामं द्या. महिन्याचा हिशेब दोघींनी तपासून भिंतीवर लावायचा. आणि संध्याकाळी मूल नेताना खाल्लं किती, झोपलं किती, शी कशी झाली, एवढं सेविकेला विचारून घ्यायचं. नेणाऱ्याचं नाव वहीत लिहायचंच, मग तो सख्खा काका का असेना.